राजभवनाची मर्जी आणि इचोड्याचे मत

हैदराबादहून नागपूरकडे निघालेल्या वाटसरूला अदिलाबादच्या अलीकडे इचोडा लागते. या गावाचा राजभवनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध मताचा आहे. अदिलाबाद जिल्हा आंध्र प्रदेशात होता, तेव्हा येथील मतदाराची मतपत्रिका श्रेष्ठ की राज्यपालांचा हुकूम, हा प्रश्न एकदा उभा राहिला होता.

१६ ऑगस्ट १९८४ रोजी राज्यपाल रामलाल यांनी मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांना बडतर्फ केले व त्यांच्याच मंत्रिमंडळातील भास्करराव यांना शपथ दिली. विधानसभेत बहुमत सिद्ध करण्याची रामाराव यांची तयारी होती. ती संधी त्यांना नाकारण्यात आली. भास्करराव यांना मात्र महिन्याची मुदत मिळाली! जनक्षोभ उसळला, रामलाल यांना जावे लागले आणि १६ सप्टेंबर रोजी रामाराव पुन्हा मुख्यमंत्री झाले.

राज्यपालांना मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधले की असे प्रकार थांबतील, असे मानणाऱ्यांनी २०२० सालचे प्रकरण आठवावे. अदिलाबाद २०१४ मध्येच तेलंगणात गेले होते. उर्वरित आंध्रात निवडणूक आयुक्त रमेशकुमार यांनी करोनामुळे स्थानिक संस्थांच्या निवडणुका पुढे ढकलल्या आणि सरकारचा रोष ओढवून घेतला. १० एप्रिल रोजी राज्यपालांच्या वटहुकुमाने आयुक्तांची मुदत पाचावरून तीन वर्षांवर आणली. त्यांचे पद आपोआप गेले. कारण सांगितले गेले निवडणूक सुधारणेचे. उच्च न्यायालयाने २९ मे रोजी तो वटहुकूम रद्द ठरविला. तरीही रमेशकुमार यांना पद परत मिळावयास जुलैअखेर उजाडली.

पहिल्या प्रसंगी राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांनाच दूर सारले, दुसऱ्या प्रसंगी मंत्रिमंडळाचा सल्ला मानला. परिणाम एकच. तेव्हा दोष केवळ सही करणाऱ्या हातात नाही. आधी हकालपट्टी आणि मग चौकशी, या उलट्या क्रमात आहे. बहुमताचा निर्णय सभागृहातच व्हावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली बोम्मई खटल्यात स्पष्ट केले. अधिकाऱ्यालाही तोच न्याय हवा: आरोप आधी, उत्तराची संधी त्यानंतर आणि आदेश शेवटी.

घटनेत राज्यपालांच्या 'मर्जी'चा उल्लेख आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ती मर्जी लहरीचे दुसरे नाव नव्हे. ती तशी झाली, तर इचोड्याच्या मतदाराने रांगेत उभे तरी कशासाठी राहावे?