सिकलसेलचे औषध आणि त्याचा खर्च

उज्जैनच्या देवास गेट भागात रेल्वे स्थानक व बसस्थानक जवळजवळ असल्याने दवाखान्याच्या कामासाठी आलेली खेड्यापाड्यांतील मंडळी तेथे नेहमी दृष्टीस पडतात. कोणाच्या चिठ्ठीवर 'हायड्रॉक्सीयुरिया' हे नाव असते. महिनाभराचे औषध घेतले जाते. दुखणे थांबले की पुढचा महिना टाळला जातो. पैसे वाचले असे वाटते, परंतु खर्च वाढू लागतो तो तेथूनच.

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्तदोष होय. यात तांबड्या पेशी विळ्याप्रमाणे वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना उठतात. मातापिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता चारांत एक असते. विदर्भ, नंदुरबार, तसेच मध्यप्रदेशातील झाबुआ व आलिराजपूर या भागांत हा रोग विशेष आढळतो.

हायड्रॉक्सीयुरिया हे मूळचे कर्करोगावरील जुने औषध. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढविते व पेशींचे वाकणे कमी करते. त्यामुळे वेदनांचे झटके जवळजवळ निम्म्याने घटतात, असे अमेरिकेत १९९५ साली दिसून आले. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दर किलो वजनास रोज १० मिलिग्रॅम एवढी अल्प मात्राही मुलांना लाभदायक ठरली. या हिशेबाने ५० किलो वजनाच्या रुग्णास ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल पुरते. अर्थात मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. पेशी घटत नाहीत ना, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने रक्ततपासणीही आवश्यक असते. गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

औषध जुने असल्याने अनेक कंपन्या ते तयार करतात. म्हणून नाममुद्रेचा आग्रह न धरता मूळ नावाने औषध मागावे, जनऔषधी केंद्रात चौकशी करावी, आणि त्याआधी शासकीय रुग्णालयात ते विनामूल्य मिळते का, हे विचारावे. हे विचारण्यात संकोच कसला?

लहान मुलांना कॅप्सूल गिळता येत नाही. त्यांच्यासाठी असलेले पातळ औषध परदेशात १०० मिलिलिटरला सुमारे ७० हजार रुपयांस पडत असे. देशी औषधाची बाटली अंदाजे ४०५ रुपयांत देण्याचा मानस केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केला. तत्पूर्वी १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा आरंभ झाला. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

आमच्या मते खरा भार कॅप्सूलचा नाही. बुडालेली मजुरी, गाडीभाडे आणि झटका आल्यावर गावात टोचून घेतलेल्या सलाईनच्या बाटल्या यांचा हिशेब कोणी मांडीत नाही. डॉक्टरांनी संमती दिल्यास एका खेपेत दोन-तीन महिन्यांचे औषध घ्यावे व रक्ततपासणीही त्याच दिवशी उरकावी. रेल्वे भाड्यातील सवलतीसाठी लागणारा दाखलाही त्याच खेपेत मागून घ्यावा. शिक्षकांनी मुलाला वर्गात पाणी पिण्याची मोकळीक द्यावी. शरीरातील पाणी कमी होणे हेही झटक्याचे एक कारण आहे, आणि या उपायास एक पैसाही पडत नाही.