खालीं बसविलेल्या पिकअप गाडीचीं चाकें व टायर

शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं ज्यांनीं पिकअप गाडी बाळगली आहे, अशा कांहीं बागाइतदारांच्या घरीं हल्लीं एक नवी हौस शिरली आहे. पाट्यांतील एखादी पट्टी काढून गाडी खालीं आणावयाची, मूळचीं लोखंडी चाकें उतरवून रुंद अलॉय चाकें बसवावयाचीं, आणि त्यांवर पातळ बगलेचे टायर चढवावयाचे. हौद खालीं आला म्हणजे क्रेट चढविणें सोपें जातें, एवढा लाभ खरा. परंतु बहुतेक ठिकाणीं हें सारें दिसण्यासाठींच केलेलें असतें. हौसेस आमचा विरोध नाहीं. पोळ्याला बैलांचीं शिंगें रंगवितांना कोणी हिशेब करीत नाहीं. पण चाकें हीं गाडीचीं शिंगें नव्हत, खूर आहेत. तेथें हिशेब केल्यावांचून चालत नाहीं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. टायरमध्यें भार वाहते ती कोंडलेली हवा; रबर व आंतील तारा-दोरे हें त्या हवेचें भांडें होय. भांड्यांत हवा जितकी अधिक मावेल आणि जितक्या दाबानें तें ती धरून ठेवील, तितका भार तो टायर उचलील. आपल्या ऊसपट्ट्यांत रबरी चाकांच्या बैलगाडीस 'डनलॉप' म्हणतात. जॉन बॉइड डनलॉप यानें १८८८ सालीं हवेच्या टायरचें पेटंट घेतलें व पुढें त्याच्या नांवाचे टायर जगभर गेले, त्यावरून हें नांव पडलें. लोखंडी धांवेच्या गाडीपेक्षां त्याच बैलांकडून या गाडीत अधिक ऊस ओढवतो, ही करामत मुख्यतः हवेची आहे.

आतां टायरच्या बगलेवरील अक्षरें वाचूं. समजा, २१५/७५ आर १५ असें माप आहे. २१५ ही मिलिमीटरांत रुंदी. ७५ म्हणजे बगलेची उंची रुंदीच्या शेंकडा ७५, म्हणजे सुमारें १६१ मि.मी.; १५ हा रिमचा इंचांतील व्यास. अशा टायरचा एकंदर व्यास सुमारें ७०४ मि.मी. भरतो. त्याऐवजीं दुकानदार २३५/५० आर १८ सुचवितो. त्याचा व्यास सुमारें ६९२ मि.मी., म्हणजे जवळजवळ तितकाच. म्हणून गिऱ्हाइकास वाटतें कीं फरक पडणार नाहीं. परंतु बगल १६१ वरून ११८ मि.मी.वर आली. खड्ड्याचा आघात झेलणारी जागा तीच होती. पाणंदीच्या दगडावर अशी बगल रिम आणि दगड यांच्यामध्यें चेंगरते, आंतले दोरे तुटतात व तेथें फुगवटी येते.

याहून महत्त्वाचा आंकडा मापाच्या शेजारीं असतो. गिऱ्हाईक तो सहसा वाचीत नाहीं. तो भारांक होय. १०६ भारांकाचा टायर ९५० किलो, १०४ चा ९०० किलो, १०१ चा ८२५ किलो, आणि ९७ चा केवळ ७३० किलो भार वाहतो, तोही नेमलेल्या दाबाची हवा असतां. समजा, माल भरल्यावर मागल्या आंसावर १८०० किलो भार येतो. प्रत्येक टायरच्या वांट्यास ९०० किलो आले. वर सांगितलेला २३५/५० आर १८ सामान्यतः ९७ भारांकाचा, व अधिक भाराचा घेतल्यास १०१ चा मिळतो. म्हणजे दोन टायर मिळून फार तर १६५० किलो. दीडशें किलो भार निराधार राहिला. रिकाम्या गाडीत हें कळत नाहीं. नारायणगांवाहून टोमॅटो भरून वाशीस निघालेल्या गाडीला वैशाखाच्या दुपारीं कळतें. कारण अतिभारानें बगल अधिक वांकते, वांकण्यानें तापते, आणि तापलेलें रबर शेवटीं थरांपासून सुटतें.

पट्टी काढल्यानें दुहेरी नुकसान होतें. गाडी खालीं येते, आणि पाट्यांची ताकदही घटते. भरलेल्या गाडींत आंस वर येऊन ठोकर घेतो, रुंद टायर मडगार्डास घासतो. रिमचा ऑफसेट कमी असला तर चाक बाहेर सरकतें. बाहेरून तें रुबाबदार दिसतें, परंतु बेअरिंगवरचा ताण वाढतो. पुढल्या चाकांचा कल बिघडला तर टायर आंतल्या कडेनें झिजतो, आणि तें वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाहीं.

कायद्याचें अंगही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें निर्मात्यानें ठरविलेल्या रचनेत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें अशा फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागें पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, असें ठरविलें आहे. अपघात झाल्यास विमा कंपनी हाच मुद्दा पुढें करूं शकते.

तेव्हां जो गाडीनें माल वाहतो त्यानें पाट्यांना हात लावूं नये. चाकें बदलावयाचींच असतील तर नोंदणीपत्रांत आंसाचें कमाल वजन व टायरचें माप पाहावें, निम्मा भार काढावा, आणि त्याहून एक-दोन पायऱ्या वरचा भारांक मागावा. मापाआधीं 'एलटी' किंवा मापापुढें 'सी' हीं अक्षरें असलीं, तर तो टायर ओझ्याच्या हलक्या गाडीसाठीं बनविलेला समजावा. रिमवरही तिची भारक्षमता कोरलेली असावी. भोकांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधलें भोक हीं मूळ चाकाशीं जुळावीं. जादा चाकही त्याच मापाचें घ्यावें.

दुकानांत टायर हातीं आला कीं बगलेवरील चार आंकडे वाचावेत: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. वर्षानुवर्षें पडून राहिलेला माल स्वस्तांत मिळाला तरी घेऊं नये. हवा सकाळीं गाडी निघण्यापूर्वीं, टायर थंड असतां, भरावयाच्या मालाच्या मानानें मोजून भरावी. वाटेंत तापून दाब वाढलेला दिसला तरी ती सोडूं नये. नक्षीच्या खांचांत ज्या आडव्या पट्ट्या असतात त्यांच्या पातळीस नक्षी झिजून आली, म्हणजे खोली १.६ मि.मी. उरली, पावसाळा तोंडावर असेल तर त्याच्या आधींच टायर बदलावा.