परिचारिकांची सज्जता चाचणी आणि निकालाचे गणित

अमेरिकेत परिचर्येची पदवी हाती पडली, तरी ‘एनक्लेक्स’ ही परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करता येत नाही. शिवाय पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण 80 टक्क्यांखाली घसरले, तर टेक्साससारख्या राज्यात नर्सिंग बोर्ड थेट महाविद्यालयालाच जाब विचारते. या धाकापोटी अनेक महाविद्यालये शेवटच्या सत्रात सज्जता चाचणी घेतात, म्हणजे परवाना परीक्षेच्या धर्तीवर खासगी कंपन्यांनी बेतलेली आणि विद्यार्थ्याच्या तयारीचा अंदाज देणारी चाचणी. ‘हेसी एक्झिट’ आणि ‘एटीआय’ची प्रेडिक्टर ही त्यांतली प्रचलित नावे.

मूळ परीक्षा 1994 पासून संगणकावर होते आणि प्रत्येक उत्तरागणिक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी बदलते. एप्रिल 2023 पासून तीत 85 ते 150 प्रश्न असतात, आणि उमेदवाराची पातळी उत्तीर्णतेच्या रेषेवर की रेषेखाली याची 95 टक्के खात्री पटली, की संगणक तिथेच थांबतो. तिचा रोख पाठांतरापेक्षा निर्णयावर असतो: शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुखते म्हणणारा, जेवणाची वाट पाहणारा मधुमेही, घरी सोडायचा रुग्ण आणि न्यूमोनिया असून अचानक असंबद्ध बोलू लागलेला वृद्ध, यांपैकी आधी कोणाकडे धाव घ्यायची? वृद्धाकडे, कारण ते बरळणे मेंदूला प्राणवायू कमी पडत असल्याचे लक्षण असू शकते.

सज्जता चाचणीत भरघोस गुण मिळवणारे बहुतेक सर्व जण ही परीक्षा उत्तीर्ण होतात, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. उलट बाजू मात्र लंगडी आहे, कारण कमी गुण मिळवणाऱ्यांपैकीही पुष्कळ जण पुढे उत्तीर्ण होतात. म्हणजे चाचणी यशाचे भाकीत चांगले करते, अपयशाचे नाही. समजा, शंभर विद्यार्थ्यांपैकी 88 उत्तीर्ण होणार आहेत आणि चाचणीने 30 जणांना कच्चे ठरवले, ज्यांतले खरे कच्चे 10 आहेत. या तिसांना परीक्षेलाच बसू दिले नाही, तर उरलेल्या 70 पैकी 68 उत्तीर्ण होऊन निकाल 97 टक्क्यांवर जातो, एकाही विद्यार्थ्याचे ज्ञान तसूभरही न वाढता. आणि उत्तीर्ण होऊ शकणारे वीस जण नाहक अडकतात. दहावीचा निकाल उजळावा म्हणून कच्च्या मुलांना नववीतच रोखणाऱ्या किंवा बाहेरून परीक्षेला बसण्यासाठीचा 17 नंबरचा अर्ज भरायला लावणाऱ्या शाळा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. एका चाचणीच्या आधारे विद्यार्थ्याचे भवितव्य ठरवू नये, असे ‘नॅशनल लीग फॉर नर्सिंग’ने 2012 मध्येच बजावले होते.

निकाल इतर कारणांनीही हलतो. अमेरिकेत शिकून पहिल्यांदा बसलेल्यांत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण 2022 मध्ये सुमारे 80 टक्के, तर 2024 मध्ये सुमारे 91 टक्के होते, आणि मधल्या काळात परीक्षेचे स्वरूपच बदलले. चाचणीचा खरा उपयोग ती वेळेवर घेऊन, औषधमात्रा असो वा बालरुग्णसेवा, जिथे विद्यार्थी अडखळतो तो भाग पुन्हा शिकवण्यात आहे.

एनक्लेक्स परीक्षा भारतातील केंद्रांवरूनही देता येते, त्यामुळे महाराष्ट्रातील परिचारिकांनाही शिकवणी वर्गांच्या जाहिरातींत असे आकडे भेटतात. अशा वेळी निकाल किती टक्के लागला याआधी, प्रवेश किती जणांनी घेतला आणि त्यांपैकी परीक्षेला किती बसले, हे विचारावे.