रीळ मेलं, आता नवं कुठलं घेऊ?

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल त्यांनी वाचा. ऐकून झालं असेल तर आकडे इथून टिपून घ्या.)

आजचा भाग रिळावर आहे. मोबाईलवर बोटाने वर सरकवतो ती रील नाही, काठीला लावून हाताने फिरवतो ते रीळ. तुमच्यापैकी तिघाचौघांनी व्हॉइस नोट पाठवून जवळजवळ एकच प्रश्न विचारलाय. "जुनं रीळ गेलं. तरंग्यावर मासे गरवायला नवं कुठलं घेऊ? बजेट दोन हजार."

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. दुकानात उभं राहून तुम्हाला स्वतःला ठरवता आलं पाहिजे, एवढं सांगतो. पण आधी माझं रीळ कसं मेलं ते ऐका, कारण उत्तर त्यातच आहे.

नायगावची खाडी. संध्याकाळ, पाणी भरत आलेलं. गळाला कोळंबी लावलेली. तरंगा एकदा डुलला, मग सरळ खाली गेला. मी काठी उचलली आणि मासा निघाला. अशा वेळी रिळाने तंगूस सोडायला हवा. माझ्या रिळाने एक वीतभरही सोडला नाही. दोन सेकंद काठी वाकली आणि टक्! तंगूस तुटला. तो लाल तरंगा पाण्यावर आला, तिवरांच्या दिशेने सरकत गेला आणि दिसेनासा झाला.

आपण म्हणतो, "मासा सुटला." तो सुटला नव्हता, मंडळी. तोंडात गळ, मागे दहाबारा हात तंगूस आणि तरंगा घेऊन तो तिवरांच्या मुळांत शिरला होता. पुढे काय झालं असेल ते तुम्हालाही कळतंय. आणि याचं कारण? आधीच्या खेपेला खाडीवरून आलो, रीळ तसंच पिशवीत कोंबलं आणि तीन आठवडे विसरलो. आतल्या ड्रॅगच्या चकत्या मिठाने एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

तेव्हापासून मी रिळाकडे वेगळ्या नजरेने बघतो. तंगूस गुंडाळायला साधी बाटलीही चालते. आपल्याकडे कितीतरी जण बाटलीवर तंगूस गुंडाळून आजही उत्तम मासे काढतात. रिळाचं खरं काम आहे तंगूस वेळेवर सोडणं. नवं घेताना हे एक वाक्य डोक्यात ठेवा.

आधी बघा, खरंच मेलंय का?

पैसे काढण्याआधी जुनं रीळ हातात घ्या आणि चार गोष्टी तपासा.

एक, हँडल. खरखर करत असेल तर बऱ्याचदा ग्रीस सुकलेलं असतं किंवा आत रेती गेलेली असते. उघडून, पुसून, नवं ग्रीस लावलं की चालू होतं. दात झिजल्यामुळे हँडल मध्येच सटकत असेल तर मात्र खर्च करू नका.

दोन, बेल. म्हणजे ती तारेची कमान. फेकताना उघडतो, हँडल फिरवलं की मिटते. स्प्रिंग गेली असेल तर ती बदलून मिळते का, विचारा.

तीन, लाइन रोलर. कमानीच्या टोकाला एक छोटी फिरकी असते, तंगूस तिच्यावरून वळतो. ती बोटाने फिरवून बघा. ती अडकली की तंगूस तिच्यावर घासतो, पिळतो, आणि आपण तंगुसाच्या कंपनीला शिव्या देत बसतो.

चार, ड्रॅग. समोरची चावी सैल करून स्पूल हाताने फिरवा. एकसारखं फिरलं पाहिजे. अडकत, झटके देत फिरत असेल तर चकत्या काढून स्वच्छ करा किंवा बदला.

यातल्या दोन-तीन गोष्टी गेल्या असतील तरच नवं घ्या.

तुम्ही बसता कुठे?

वसई-विरारमध्ये तासाभराच्या अंतरावर तीन वेगळी पाणी आहेत.

पहिलं, बावखल. वाड्यांमधली आपली जुनी गोड्या पाण्याची तळी. पाणी थांबलेलं, मासा बहुतेक तिलापिया, नशीब असेल तर मरळ. पीठ नाहीतर गांडूळ, हलका तरंगा, बारीक तंगूस. बावखल कुणाच्या तरी मालकीचं नाहीतर गावाचं असतं, म्हणून आधी विचारून बसा.

दुसरं, तानसा आणि वैतरणेचा वरचा, गोडा भाग, आणि त्याच तऱ्हेचे कालवे. पाणी एकाच दिशेने वाहतं. तरंगा सोडून द्यायचा, तो वाहत जातो, आपण तंगूस देत राहायचं. इथे रोहू, कटला लागू शकतो.

तिसरं, खाडी. दक्षिणेला वसईची खाडी, जिथे उल्हास नदी समुद्राला मिळते. उत्तरेला वैतरणेचं मुख, अर्नाळ्याच्या बाजूला. पाणी खारं आणि दिवसातून चार वेळा दिशा बदलणारं. मासे बोई, शिंगाळा, चिवणी, तांबोशी, जिताडा.

फक्त बावखलावर बसत असाल तर स्वस्तातलं साधं रीळही वर्षानुवर्षं टिकेल. खाडीवर महिन्यातून एकदा जरी जात असाल तरी रीळ खाडीच्या हिशेबाने घ्या. मीठ किती वेळा लागलं याला महत्त्व नाही. एकदा लागून आत राहिलं तरी पुरे.

तरंग्याला काय लागतं?

तरंगा, शिसं, गळ, आमिष सगळं मिळून वजन काही ग्रॅमच. एवढं हलकं दूर जायचं तर तंगूस स्पूलवरून अलगद सुटला पाहिजे. म्हणून तरंग्यासाठी रीळ लहान ते मध्यम हवं. रिळांवर १०००, २५००, ४००० असे आकडे असतात. प्रत्येक कंपनीची मोजणी थोडी वेगळी असते, पण ढोबळमानाने आपल्या कामाला २००० ते ३००० पुरतं. ४००० आणि पुढचं किनाऱ्यावरून जड शिसं फेकण्यासाठी ठीक. हलक्या काठीला ते लावलं तर तासाभरात मनगट दुखतं.

स्पूल उथळ असेल तर उत्तम. खोल स्पूलमध्ये बारीक तंगूस ढीगभर लागतो. तसं असेल तर तळाला जुना तंगूस भरा आणि वर शंभरेक मीटर नवा. काठापासून दोनेक मिलिमीटर खाली येईल इतकंच भरा. कमी भरलं तर तंगूस काठाला घासतो आणि तरंगा जवळच पडतो. जास्त भरलं तर वेटोळी एकदम सुटतात आणि गुंता होतो.

खोक्यात जादा स्पूल मिळत असेल तर असं रीळ आधी बघा. एका स्पूलवर बावखलाचा बारीक तंगूस, दुसऱ्यावर खाडीचा जाड. दोन रिळांचं काम एकात.

'तेरा बेअरिंग' आणि बाकीचे आकडे

दुकानात मला पहिलं वाक्य ऐकू आलं, "साहेब, यात तेरा बेअरिंग!" ऐकायला भारी वाटतं. पण चार चांगली, गंज न धरणारी बेअरिंग तेरा स्वस्त बेअरिंगपेक्षा खाडीवर जास्त टिकतात. मी विचारतो ते एवढंच: लाइन रोलरमध्ये बेअरिंग आहे का, आणि बेअरिंग गंजरोधक आहेत का?

दुसरा आकडा गिअर रेशो. ५.२:१ म्हणजे हँडल एकदा फिरवलं की रोटर ५.२ वेळा फिरतो. स्पूल ४५ मिलिमीटर व्यासाचं धरलं तर एका फेरीत साधारण ७३ सेंटीमीटर तंगूस आत येतो. तरंग्याला हे पुरेसं आहे. मासा लागल्यावर ढिला तंगूस चटकन ओढता येतो, आणि हँडल जडही जात नाही. यापेक्षा वेगाच्या मागे लागू नका.

तिसरा आकडा मॅक्स ड्रॅग. खोक्यावर ५ किलो, ८ किलो असं छापलेलं असतं. आपला तंगूसच ४ किलोचा असेल तर ८ किलोच्या ड्रॅगचं काय लोणचं घालायचं? आपल्याला १ किलोवर गुळगुळीत चालणारा ड्रॅग हवा.

बाटलीची परीक्षा

नेहमीचा हिशेब असा: तंगुसाच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर ड्रॅग लावायचा. ४ किलोचा चौथा हिस्सा १ किलो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो.

एक लिटरची भरलेली बाटली जमिनीवर ठेवा. काठीतून तंगूस ओवून बाटलीच्या मानेला बांधा आणि काठीने बाटली उचलायला जा. ड्रॅगची चावी अशा ठिकाणी आणा की बाटली जेमतेम उचलते आहे आणि तंगूस हळूहळू, एका लयीत सुटतोय. झटके नकोत. अडकून मग धाडकन सुटणंही नको, कारण नेमका त्याच क्षणी तंगूस तुटतो.

दुकानात बाटली बांधू देत नसतील तर ड्रॅग हलका लावा आणि स्पूल हाताने ओढून बघा. सुरुवातीला अडतो का, हे बोटांना लगेच कळतं.

ड्रॅग पुढे असलेलं घ्यावं की मागे? मागचा ड्रॅग मासा लागलेला असताना फिरवायला सोपा. पण पुढच्या ड्रॅगच्या चकत्या मोठ्या असतात, सुटे भाग कमी असतात आणि घरी उघडून साफ करणंही सोपं. खाडीवर जाणाऱ्यांनी पुढचाच घ्यावा, असं माझं मत.

आणि एक सवय सोडा. मासा तंगूस ओढून नेत असताना हँडल फिरवू नका. स्पूल घसरतंय आणि तुम्ही फिरवताय, तर तंगूस आत येतच नाही, प्रत्येक फेरीला पाचएक पीळ मात्र पडतात. तो थांबला की काठी वर घ्या, मग खाली आणताना गुंडाळा.

हे यंत्र आलं कुठून?

इंग्लंडमध्ये नदीवर तरंगा सोडायला आजही काही जण सेंटरपिन वापरतात. ते एक साधं चाक असतं, काठीला लावलेलं. वाहत्या पाण्यानेच ते फिरतं आणि तंगूस देतं. गिअर नाही, ड्रॅग नाही, अंगठ्याने थोपवायचं. वाहत्या नदीवर मजा येते, पण हलका तरंगा दूर फेकायला फार सराव लागतो. पहिल्या-दुसऱ्या रिळासाठी मी ते सुचवणार नाही.

आपण वापरतो त्या रिळात स्पूल एका जागी असतं आणि तंगूस त्याच्या तोंडावरून सुटतो. त्याचं पेटंट १९०५ साली आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ या इंग्रजाने घेतलं. तो ब्रॅडफर्डच्या कापड उद्योगातला माणूस. गिरणीत बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सुटतं हे त्याच्या रोजच्या नजरेतलं होतं. गिरण्यांच्या मुंबईशेजारी राहणाऱ्या आपल्याला हे समजायला सोपं आहे.

खाडीवरून आल्यावर

नवं रीळ घेतलं तरी घरी आल्यावरची दहा मिनिटं चुकवू नका. ड्रॅगची चावी आधी घट्ट करा, म्हणजे पाणी आत जाणार नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोरात फवारा नको, बादलीत बुडवणंही नको, त्याने मीठ उलट आत जातं. कोरडं पुसून सावलीत ठेवा. लाइन रोलरला तेलाचा एक थेंब. शेवटी ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा, म्हणजे चकत्या दाबून चिकटत नाहीत. मी नेमकं हेच केलं नव्हतं.

जाता जाता

तरंग्यासाठी खाडीवर भांगाचे दिवस बघा, म्हणजे अष्टमीच्या आसपास. उधाणाला, अमावास्या-पौर्णिमेला, पाणी इतकं ओढतं की तरंगा जागेवर थांबतच नाही. वेळेसाठी जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, ढोबळ भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. ॲपवर खात्री करून घ्या, पण हिशेब येत असावा.

रेल्वे पुलावर किंवा रुळांजवळ काठी घेऊन जाऊ नका, कितीही जण जात असले तरी. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. तुटलेला तंगूस तिवरांत टाकू नका, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. खिशात घालून घरी आणा.

आणि माझा मामा. त्याने आयुष्यात रीळ वापरलं नाही. बाटलीवरचा तंगूस, तर्जनीवरून सोडायचा. त्या बोटावर एक पांढरी रेघ कायमची पडली आहे. मी नवं रीळ दाखवलं तेव्हा त्याने खोकं बघितलंच नाही. तंगुसाचं टोक धरून हळू ओढलं, थांबला, परत ओढलं. म्हणाला, "सोडतोय बरा. घे."

दुकानात तुम्हीही हेच करा. रीळ घेण्याआधी तुमचं जुनं कशाने गेलं, तेवढं व्हॉइस नोटवर सांगा. भेटूया पुढच्या भागात.