चालीला चाल जोडताना

पावसाळ्यात धसई गावच्या खाचरांमध्ये भाताची आवणी सुरू असते. डोक्यावर रोपांचा भारा घेतलेली बाई बांधावरून येते, भारा उतरवते, चिखलात पाय घालते आणि वाकून लावायला लागते. चालणं कुठे संपलं आणि वाकणं कुठे सुरू झालं, बघणाऱ्याला कळतही नाही. हेच ब्लेंडरसारख्या फुकट मिळणाऱ्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये करायला बसलात, तर मात्र घाम फुटतो.

चालण्याची एक क्लिप, वाकण्याची दुसरी. दोन्हींच्या पट्ट्या टाइमलाइनवर वर-खाली लावायच्या आणि टोकं थोडी एकमेकांवर येऊ द्यायची. तेवढ्या फ्रेममध्ये वरच्या क्लिपचा प्रभाव शून्यापासून पूर्ण होत जातो. मध्यावर पात्राच्या आतल्या सांगाड्याचं प्रत्येक हाड दोन्ही क्लिपचं निम्मं-निम्मं ऐकतं. हाडांच्या तीन कोनांची नुसती सरासरी काढली, तर हात भलत्याच वाटेनं फिरू शकतो. म्हणून क्वाटर्नियन नावाचं गणित वापरतात. केन शूमेक यांनी १९८५ मध्ये ते ॲनिमेशनसाठी मांडलं.

खरी गोची पायांची. साध्या चालीचं एक आवर्तन २४ फ्रेमचं आणि झपझप चालीचं १८ चं असेल, तर मिसळताना एकीत डावा पाय पुढे असतो आणि दुसरीत उजवा. सरासरीत दोन्ही पाय मधेच येतात आणि बाई तरंगायला लागते. आधी दोन्ही क्लिपमध्ये टाच टेकते ते फ्रेम शोधायचे, मग एक क्लिप ताणून किंवा आवळून टाचेला टाच जुळवायची. वाकण्याची क्लिप जागच्या जागी बनवलेली असेल, तर आणखी एक गंमत: बांधावरून चालत आलेली बाई वाकता वाकता घसरत मूळ जागी परत जाते! मुळाचं हाड, म्हणजे ज्याच्याबरोबर अख्खा सांगाडा हलतो ते, नव्या जागी सरकवल्याशिवाय हे थांबत नाही.

टोकं जितकी जास्त एकमेकांवर, तितकी हालचाल गुळगुळीत, हा नवशिक्यांचा लाडका समज. प्रत्यक्षात माणूस पाण्यात चालल्यासारखा दिसतो. २४ फ्रेमच्या सेकंदाला आठ-दहा फ्रेम बऱ्याचदा पुरतात.

भाऱ्यासाठी वेगळी पट्टी बरी: तिच्यात फक्त मान आणि हात यांचे की-फ्रेम (म्हणजे ज्या फ्रेमवर हाडाची स्थिती ठरवून दिलेली असते ते), पाय चालीच्या क्लिपचेच. भारा उतरल्यावर मान क्षणभर सैल होते, ते मात्र दोन्ही तयार क्लिपमध्ये नसतं. तिथले चार-पाच की-फ्रेम हातानंच घालावे लागतात.