बाप नसलेला नर आणि मधमाश्यांचे पाद्रीबाबा

मागच्या माघात जावळी खोऱ्यातल्या एका गावी गेलो होतो. तिथल्या एका मावशींच्या परसात सातेरी माश्यांच्या दोन पेट्या आहेत. एक पेटी जोरात चाललेली, दुसरी मरगळलेली. मावशींनी झाकण काढून मला चौकट दाखवली. म्हणाल्या, "साहेब, यातली राणी जाऊन दोन महिने झाले. तरी घरांत अंडी दिसतात. आणि बाहेर पडतात ते सगळे ऐतखाऊ नरच. हे काय गौडबंगाल?"

मावशींचा हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात ज्या माणसाने सोडवला, तो कुठल्या विद्यापीठातला प्राध्यापक नव्हता. तो होता एका खेड्यातला कॅथलिक पाद्री. नाव यान जेर्झोन.

जेर्झोन यांचा जन्म १६ जानेवारी १८११ चा. गाव लोव्हकोवित्से. सिलेशिया नावाचा हा मुलूख तेव्हा प्रशियाच्या राज्यात होता, आज पोलंडमध्ये आहे. घर शेतकऱ्याचे. ब्रेस्लाउ शहरात धर्मशास्त्र शिकून १८३४ साली ते पाद्री झाले आणि पुढच्याच वर्षी कार्लोवित्से या खेड्यातल्या चर्चचा कारभार त्यांच्याकडे आला. रविवारी प्रवचन, आणि मग माश्या! एकच छंद, पण तोही असा की पेट्यांची संख्या शेकड्यांत गेली.

त्या काळी मध काढायचा म्हणजे पोळे कापायचे, पिळायचे आणि वसाहत मोडायची. आपल्याकडचे जुने मोहोळ काढणारे करीत तसेच. जेर्झोन यांनी १८३८ च्या सुमारास पेटीत सुट्या पट्ट्या बसवल्या. प्रत्येक पट्टीला एकेक पोळे लोंबते आणि ते एकेक करून बाहेर काढता येते. पोळ्याच्या कडा पेटीच्या भिंतीला चिकटत, त्या सुरीने सोडवाव्या लागत, एवढीच अडचण. पुढे चारी बाजूंची चौकट आली आणि तीही अडचण गेली. आज आपण वापरतो त्या पेटीचा मूळपुरुष अमेरिकेतला लँगस्ट्रॉथ. त्याने १८५२ साली पेटंट घेतले. गंमत अशी, की तोही पाद्रीच होता.

पोळे उचलून पाहता येऊ लागले तेव्हा माश्यांचा संसार उघड झाला. जेर्झोन यांना दिसले, की राणीला उडता आले नाही आणि तिचा नराशी संयोग झाला नाही, तरी ती अंडी घालते, पण त्यांतून फक्त नर निघतात. १८४५ साली त्यांनी जाहीर मांडले : नर हा फळ न धरलेल्या अंड्यातून जन्मतो. कामकरी माशी आणि राणी यांना आई-बाप दोन्ही असतात. नराला फक्त आई. म्हणजे नराला बाप नाही, पण आईचा बाप आहे म्हणून आजोबा आहे!

लोक हसले. मोठमोठे जाणकार विरोधात उभे राहिले. पाद्रीबाबांनी वाद घालण्यापेक्षा पुरावा उभा केला. १८५३ साली त्यांनी इटलीहून पिवळ्या माश्या मागवल्या. गावच्या माश्या काळसर. पिवळ्या राणीचा संयोग काळ्या नराशी झाला तर कामकरी माश्या मिश्र रंगाच्या निघत, पण नर मात्र शुद्ध पिवळेच! बापाचा रंग नरात उतरलाच नाही. पुढे फोन झीबोल्ड या शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाखाली अंडी तपासली आणि पाद्रीबाबांचे म्हणणे खरे ठरले. सुरुवातीला विरोध करणारे बेर्लेप्श नावाचे जमीनदार तर त्यांचे मोठे समर्थक झाले.

हे सगळे सुखासुखी झाले नाही. १८४८ साली अळ्या सडवणारा रोग आला आणि जेमतेम दहा वसाहती वाचल्या. शेतकऱ्याला हे दुःख सांगायला नको. त्या दहांतून विभागणी करीत करीत १८५१ पर्यंत त्यांनी पुन्हा चारशेच्या आसपास वसाहती केल्या. माझ्या मते ही हकिकत त्यांच्या शोधाइतकीच सांगण्याजोगी आहे.

१८७२ साली म्युनिक विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली. त्याच सुमारास चर्चशी मात्र बिनसले. धर्माच्या बाबतीत पोप चुकूच शकत नाहीत असा ठराव १८७० साली झाला, तो जेर्झोन यांना पटला नाही आणि १८७३ साली त्यांना बहिष्कृत करण्यात आले. साठी ओलांडलेल्या माणसाला हा घाव केवढा असेल! १८८४ साली ते आपल्या जन्मगावी परतले. माश्या आणि लिखाण चालूच होते. चर्चशी समेट झाला तो १९०५ साली, आणि २६ ऑक्टोबर १९०६ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, त्यांनी तिथेच डोळे मिटले. दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडने एका शहराला त्यांचेच नाव दिले.

तर मावशींच्या पेटीचे उत्तर असे. राणी गेली, नवी तयार करायला कोवळी अळी उरली नाही, म्हणून कामकरी माश्याच अंडी घालू लागल्या. त्यांचा संयोग झालेला नसतो, म्हणून सगळे नर. घरांवरची टोपी फुगीर दिसली की समजावे. अशा वसाहतीत नवी राणी सोडली तर माश्या बहुधा तिला मारतात. आम्ही ती पेटी संध्याकाळी दुसऱ्या, जोमदार पेटीवर ठेवली आणि मध्ये भोके पाडलेले वर्तमानपत्र घातले. कागद कुरतडेपर्यंत दोघींचा वास एक होतो. चार दिवसांनी मावशींनी निरोप धाडला : कागदाचा भुगा दारात पडला आहे, मारामारी नाही.