सावलीत फुलणारा सोनटक्का

‘आमच्या बाल्कनीत ऊनच येत नाही, झाडं कसली लावणार?’ फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. माझीही होती. इंदूरच्या आमच्या घरी सकाळी जेमतेम दोन तास ऊन येतं. गुलाब लावला, मोगरा लावला, एकही फुलला नाही. मग कोकणातल्या आजीने अंगणातल्या सोनटक्क्याचा कंद कागदात गुंडाळून दिला. म्हणाली, “हा लाव. याला सावलीच आवडते.”

सोनटक्का आल्याच्या कुळातला. पूर्व हिमालयाच्या भागात ओलसर जंगलात, मोठ्या झाडांच्या आडोशाने तो वाढतो. बंगालीत त्याला दोलनचांपा म्हणतात, तर क्यूबाचं हे राष्ट्रीय फूल आहे. पावसाळ्यात संध्याकाळी त्याची फुलपाखरासारखी पांढरी फुलं उमलतात आणि घरभर सुगंध पसरतो.

लागवड कशी कराल?

• पावसाळ्याच्या तोंडावर टणक, दोन-तीन डोळे असलेला कंद निवडा.

• १२ इंची रुंद कुंडी घ्या. तळाला भोक हवंच.

• दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत आणि एक भाग कोकोपीट मिसळा.

• कंद आडवा, डोळे वर करून सुमारे २ इंच खोल लावा.

• सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर सावली मिळेल अशी जागा द्या. दुपारच्या कडक उन्हात पानं करपतात. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात मात्र पानंच वाढतात, फुलं येत नाहीत.

• माती ओलसर ठेवा, पण पाणी साचू देऊ नका. कंद कुजतो.

• एका दांड्याला एकदाच फुलं येतात. बहर संपला की तो दांडा तळाशी कापा.

घाईने फेकू नका

पहिल्याच थंडीत माझ्या सोनटक्क्याची पानं पिवळी पडून वाळली. मला रडूच आलं. आजीचं घर त्याच वर्षी विकलं होतं, दुसरा कंद मिळणार नव्हता. कुंडी रिकामी करणार, तेवढ्यात आजीचा फोन आला. “अगं, तो झोपलाय. पाणी कमी कर आणि वाट बघ.” थंडीत दांडे वाळले, तरी मातीखाली कंद जिवंत असतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला खरंच हिरवे कोंब वर आले आणि त्या पावसाळ्यात पहिली फुलं आली.

दोन-तीन वर्षांनी कुंडी कंदांनी भरते. तेव्हा ते वेगळे करून दुसऱ्या कुंडीत लावा किंवा कुणाला तरी द्या. फक्त ओढ्या-नाल्याकाठी टाकू नका. हवाई, ब्राझीलमध्ये बागेबाहेर पसरून त्याने तिथल्या झाडांची जागा घेतली आहे.

यंदा मीही कंद वेगळे केले. एक कागदात गुंडाळून आजीला नेऊन दिला. आता ती काकाकडे, तिसऱ्या मजल्यावर राहते. तिच्याही बाल्कनीत ऊन कमीच येतं.